अभ्यास फोनवरच आहे, मग फोन ठेवू कुठे?

ताई, नमस्कार.
मी मूळची सांगोला तालुक्यातली. तीन वर्षं झाली, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहून राज्यसेवेची तयारी करतेय. मागच्या वेळी पूर्व थोडक्यात गेली. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून रोज उत्तरं लिहायला बसते आणि दहा मिनिटांत हात फोनकडे जातो. फोन लांब ठेव असं सगळे सांगतात. पण लेक्चर फोनवर, नोट्स टेलिग्रामवर, चालू घडामोडी फोनवर, लोकसेवा आयोगाचं काही आलं तर तेही आधी फोनवरच कळतं. चालू घडामोडी बघायला म्हणून घेते आणि पाऊण तासाने भानावर येते तेव्हा कुणाच्या तरी हळदीचे रील बघत असते. दहावीत असताना एका बैठकीत अख्खा धडा संपवायची, आता एकच पान तीनदा वाचते तरी डोक्यात शिरत नाही. रूममेट म्हणते, आपला मेंदू सडलाय, आपलं लक्ष आता गोल्डफिशपेक्षाही कमी. अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये फोन ठेवून पाहिला, तर आईचा फोन उचलला नाही म्हणून ती घाबरली. मामा भर दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर स्थळांचे बायोडेटा पाठवतात, ते वेगळंच. रात्री झोपही नीट लागत नाही. माझं लक्ष परत येईल का? की सगळं गुंडाळून गावी जाऊन अभ्यास करू?
— एक परीक्षार्थी, पुणे

अगं, आधी रूममेटच्या त्या माशाचा निकाल लावून टाकू. माणसाचं लक्ष आठ सेकंद आणि गोल्डफिशचं नऊ, हे वाक्य २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेने काढलेल्या एका अहवालातून जगभर पसरलं. अहवालाने आकडा दुसरीकडून उचलला होता. पत्रकार नंतर त्याचं मूळ शोधायला गेले, तर मागे धड संशोधन सापडेना. माशावर तर उगाच आळ आहे, स्मरणशक्तीच्या प्रयोगांत गोल्डफिश कितीतरी वर्षं वापरले गेलेत. रूममेटला सांग, विज्ञानाच्या प्रश्नात हा पर्याय आला तर गोल करू नकोस, निगेटिव्ह मार्किंग आहे.

खरी मोजणी निराळी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क या प्राध्यापक बाईंनी कार्यालयात काम करणाऱ्यांच्या मागे बसून वेळा टिपल्या. २००४ च्या सुमारास माणूस स्क्रीनवरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं थांबत होता. अलीकडच्या वर्षांत ही सरासरी ४७ सेकंदांवर आली. आकडा वाचून छाती दडपते, कबूल. पण माणसं किती वेळाने दुसरीकडे वळतात एवढंच तो सांगतो. त्यांना एका जागी टिकताच येत नाही, असं त्यातून निघत नाही. तुझंच बघ. टेस्ट सिरीजच्या दिवशी दोन तासांत शंभर प्रश्न तू मान वर न करता सोडवतेसच ना? तेव्हा मेंदू सडलेला नसतो. तेव्हा फोन बाहेर बॅगेत बंद असतो आणि समोर एकच काम असतं, त्यालाही घड्याळ लावलेलं.

मार्कबाईंना आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त कामाची वाटते. कामात जे खंड पडतात त्यातले जवळजवळ निम्मे माणसाने स्वतःच पाडलेले असतात. फोन वाजलेला नसतो, कुणी हाक मारलेली नसते. तू लिहितेस, ‘दहा मिनिटांत हात फोनकडे जातो.’ फोन वाजतो असं तू कुठेच म्हटलेलं नाहीस. म्हणजे नोटिफिकेशन बंद करून तुझा प्रश्न अर्धाच सुटणार. उरलेला अर्धा पुस्तकाच्या पानात आहे, तिकडे आधी जाऊ.

उद्यापासून आठवडाभर फोनवर कसलंही बंधन घालू नकोस. घ्यावासा वाटला तर खुशाल घे. फक्त हात उठला की ज्या ओळीवर होतीस तिच्यासमोर समासात पेन्सिलने एक टिंब दे, मगच उचल. आठवड्याने पुस्तकं चाळून बघ. माझा अंदाज असा, की टिंबं सगळीकडे सारखी पडलेली नसतील. समाजसुधारकांच्या पानांवर एखाददुसरं असेल आणि अर्थव्यवस्थेत नुसती गर्दी. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, वाढला की कर्ज महागतं, इथपर्यंत ठीक चालतं. मग ओळ येते: व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते. का उतरते, ते लगेच कळत नाही. आणि नेमकं त्याच क्षणी आठवतं, अरे, आयोगाचं आज काही आलं का बघू!

पूर्वीही अडायचंच. पण अडलं की पेनचं टोपण चावत बसायचं, पंख्याकडे बघायचं आणि कंटाळून पुन्हा त्याच ओळीवर यायचं, कारण जायला दुसरी जागाच नव्हती. आता ती जागा हाताशी आहे आणि तिथे कधी काही अडत नाही. म्हणून टिंब पडलं की कच्चा कागद ओढायची सवय लाव. वरच्या ओळीचंच घे. शंभर रुपयांचा रोखा, म्हणजे सरकारने उसने घेतलेल्या पैशांचा कागद, वर्षाला सात रुपये व्याज, असं मांड. बाजारात नवे रोखे आठ टक्क्यांनी मिळायला लागले, तर तुझा सात रुपये देणारा जुना रोखा पूर्ण शंभराला कोण घेईल? भाव उतरवावा लागेल. कळलं? दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात सुटलं नाही तर समासात प्रश्न लिहून ठेव, संध्याकाळी सर किंवा अभ्यासिकेतलं कुणी आहेच, आणि पुढच्या परिच्छेदावर जा. अडणं हा अभ्यासाचाच भाग आहे हे एकदा अंगवळणी पडलं की हात आपोआप कमी उठतो. सगळ्या उपायांमध्ये मी याला पहिला नंबर देईन आणि रीलवाले ‘फोकस वाढवण्याच्या टिप्स’ देतात त्यात तो तुला क्वचितच सापडेल.

‘दोनच मिनिटं बघते’ हे महाग का पडतं, तेही सांगते. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्यावर गेलं की मनाचा एक तुकडा आधीच्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम तेवढं कच्चं होतं. तुझ्या बाबतीत उलटंही होतं. पुस्तकावर परत येतेस, पण डोक्यात मामांनी पाठवलेलं स्थळ घोळत असतं. मुलगा बँकेत आहे की पतसंस्थेत, एवढा एक प्रश्न पुढची दहा पानं खातो.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते: अभ्यासच फोनवर आहे, त्याचं काय करायचं?

मला नाही वाटत अभ्यास फोनवर आहे. अभ्यासाचं सामान फोनवर आहे. सामान आणणं आणि अभ्यास करणं ही दोन कामं तुझ्या दिवसात एकमेकांत कालवली गेलीत. पेठेतल्या निम्म्या पोरापोरींचं हेच झालंय. टेलिग्रामवर कुणीतरी ‘महत्त्वाचे’ म्हणून पीडीएफ टाकतं, ते उतरवून घेतलं की वाचल्याचंच समाधान मिळतं आणि फाइल तशीच पडून राहते. तुझ्या फोनमध्ये अशा किती आहेत ते मोजूच नकोस, त्यात आणखी एक तास जाईल.

सामान आणायला दिवसातून एकच वेळ ठरव. मी संध्याकाळची धरीन, मेसला जायच्या आधीची. त्या अर्ध्या-पाऊण तासात चॅनेल बघ, चालू घडामोडी उतरव, लागतील ती पानं झेरॉक्सवाल्याकडे पाठव. पेठेत पावलापावलावर झेरॉक्सचं दुकान आहे, त्यांचा धंदा तुमच्यावरच चालतो. कागदावर आलं तेवढंच वाचायचं. पैसे पडतात म्हणून छाटणीही आपोआप होते. फुकट असतं तेव्हा माणूस चार संस्थांची मासिकं उतरवतो. पानामागे पैसे मोजायचे म्हटलं की एकावर भागतं.

लेक्चर तू दुप्पट वेगाने बघत असशील आणि त्याबद्दल मनात अपराधीपण असेल, तर ते काढून टाक. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२१ मध्ये तपासलं गेलंय. दुप्पट वेगापर्यंत समजण्यात फारसा फरक पडत नाही, त्यापुढे मात्र पडतो. घात वेगाने होत नाही, लेक्चरच्या शेजारच्या गोष्टींनी होतो. २०२० च्या जूनअखेर सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील आणले आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतापासूनच केली. तेव्हापासून तुझ्या सरांचं भूगोलाचं लेक्चर आणि हळदीचा नाच एकाच अ‍ॅपमध्ये, एका बोटाच्या अंतरावर आहेत. तेव्हा लेक्चर रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेव आणि बघताना डेटा बंद कर. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद बंद केलीस आणि जुनी पुसलीस, की मुख्य पान कोरं होतं, शिफारशी येत नाहीत. हवं ते नाव टाकून शोधावं लागतं. इन्स्टाग्राम काढूनच टाक. यावर मी घासाघीस करणार नाही. मुख्य परीक्षेनंतर परत टाकता येईल, तोवर हळदी संपणार नाहीत.

टेलिग्रामचं थोडं अवघड आहे, कारण तिथे भीती आहे. भीती निराधारही नाही. २०२४ मध्ये २५ ऑगस्टला ठरलेली पूर्व परीक्षा अगदी दोन-तीन दिवस उरले असताना पुढे गेली आणि शेवटी १ डिसेंबरला झाली. हे ज्यांनी पाहिलं ते चॅनेल सारखं उघडणारच. पण बघ, शंभरातले नव्वद मेसेज फालतू असतात आणि एखादा खरोखर कामाचा निघतो, म्हणूनच हात सुटत नाही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कळ दाबली की दाणा कधी पडेल ते ठरलेलं नसलं, तर कबुतर कळ सोडतच नाही, टोचत राहतं. सगळे चॅनेल म्यूट कर आणि आयोगाचं संकेतस्थळ दिवसातून दोनदा थेट उघड, दुपारी जेवताना आणि संध्याकाळी. तारीख पुढे गेल्याचं अकराऐवजी दोनला कळलं म्हणून तुझं काही जात नाही. उलट अकराला कळलं असतं तर तुम्ही सगळ्या जणी अभ्यासिकेच्या जिन्यात उभ्या राहून चार वाजेपर्यंत त्यावरच बोलला असता.

फोन नेमका कुठे ठेवायचा? ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातला २०१७ चा प्रयोग सगळे सांगतात: फोन टेबलावर असला की, वाजला नाही तरी, चाचणीतले गुण कमी पडतात आणि दुसऱ्या खोलीत ठेवला की सुधारतात. नंतर इतरांनी तो प्रयोग करून पाहिला तेव्हा दर वेळी तसंच निघालं नाही, म्हणून मी त्यावर सगळी भिस्त ठेवणार नाही. माझं म्हणणं साधं आहे. फोन घ्यायला उठून चालत जावं लागलं, तर निम्म्या वेळा तू उठणार नाहीस.

२०२५ मध्ये आलेला एक अभ्यास मात्र तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. त्यात अमेरिका-कॅनडातल्या साडेचारशेच्या वर माणसांच्या फोनवरचं इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवायचं ठरलं. फोन करणं, मेसेज पाठवणं आणि संगणकावरचं इंटरनेट चालू. एकाग्रतेची चाचणी आधी आणि नंतर घेतली, तर ती सुधारली आणि माणसांना बरंही वाटायला लागलं. बऱ्याच जणांना ते बंधन पूर्ण काळ पाळता आलं नाही, तरी फरक दिसला. लक्ष परत येईल का, असं तू विचारलंस. येतं, आणि त्याला वर्षं लागत नाहीत.

आईचा प्रश्नही इथेच सुटतो. हजार-दीड हजारात बटणांचा साधा फोन येतो. त्यात नवं सिम घाल, तो नंबर फक्त आई-बाबांना आणि एखाद्या मैत्रिणीला दे. मोठा फोन लॉकरमध्ये, बटणांचा टेबलावर. आईला सांग, काही तातडीचं असेल तर या नंबरवर कर, मी नक्की उचलीन, आणि रोज रात्री मेसवरून आल्यावर मी स्वतः फोन करीन. मग तो फोन चुकवू नकोस. आई दुपारी फोन करते ती तुझा आवाज ऐकायला. तो रात्री ठरल्या वेळी मिळतो म्हटलं की आठवडाभरात दुपारचे फोन कमी होतील.

मामांना मात्र तू काही सांगायला जाऊ नकोस, वाद वाढेल. हे काम आईकडे दे. बायोडेटे आईच्या फोनवर येऊ देत, तिने चाळावेत आणि निकालानंतर काय ते बोलू, असं मामांना तिनेच सांगावं. बहिणीचं भाऊ ऐकतो, भाचीचं नाही ऐकत.

पान तीनदा वाचूनही शिरत नाही, हे ऐकून मला तुझ्या लक्षापेक्षा वाचण्याच्या पद्धतीची शंका येते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना चांगलंच मागे टाकलं. तेव्हा दुसऱ्यांदा वाचूच नकोस. एकदा वाच, पुस्तक मिट, मागच्या कोऱ्या पानावर आठवेल ते खरड, मग उघडून राहिलेलं लाल पेनाने भर. हात लिहिता असला की तो फोनकडे जात नाही, हा वरचा फायदा.

नाहीतरी आता सगळं लिहायचंच आहे. बहुपर्यायी मुख्य परीक्षेत गोल करून भागत होतं, २०२५ पासून तीन तास पेन चालवायचं आहे. एकदम तीन तास बसू नकोस, मोडशील. आज दहा मिनिटं टिकतेस ना? मग पंधरा मिनिटांत एक उत्तर, घड्याळ लावून, तेही हातावरचं किंवा टेबलावरचं. फोनवर टायमर लावलास तर वेळ बघायला फोनच हातात घेशील. पंधरा जमायला लागली की सलग दोन उत्तरं, मग तीन. मधल्या सुट्टीत मोठा फोन काढायचा नाही. जिन्यात जा, चहा पी, टवाळक्या कर.

रात्रीच्या झोपेचं तू ओझरतं लिहिलंस, मला ते ओझरतं वाटलं नाही. कॉट बेसिसच्या खोलीत प्लग उशाशीच असतो, म्हणून फोनही उशाशी. एक्स्टेन्शन घेऊन तो दाराजवळ ने आणि गजराचं घड्याळ आण. झोप नीट झाली नाही तर वर सांगितलेलं काहीही चालणार नाही. आणि हे करूनही झोप आली नाही, सारखं रडू येत असलं, जेवण जात नसलं किंवा जगणंच नको वाटायला लागलं, तर तो प्रश्न फोनचाही नाही आणि लक्षाचाही नाही. सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. बटणांच्या फोनवरूनही लागतो. निकालाची वाट बघू नकोस.

राहिलं गावी जायचं. लक्ष लागत नाही एवढ्याच कारणासाठी जाऊ नकोस. फोन सांगोल्यातही चालतो, आणि घरी शिकलेली मुलगी दिसली की पाहुण्यांचा चहा, भावाचे ऑनलाइन फॉर्म, आजीचा दवाखाना हे सगळं तिच्याच नावावर लागतं. तिथे तुझी उत्तरं तपासून देणारंही कुणी नाही आणि वर्णनात्मक परीक्षेत तीच गोष्ट घरबसल्या होत नाही. पण पैशाची ओढाताण असेल आणि पुण्याचं भाडं-मेस बाबांना जड जात असेल, तर ते वेगळं कारण आहे आणि खरं कारण आहे. तू त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीस, म्हणून विचारते. तसं असेल तर पूर्व होईपर्यंत पुण्यात राहा, निकाल बघ, मुख्यला बसायला मिळालं नाही तर गावी जाऊन तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासिका लाव आणि महिन्यातून एकदा उत्तरं घेऊन पुण्याला ये. एसटीत महिलांना निम्मंच तिकीट आहे.